आत्मपरीक्षण : एका शब्दाचा अर्थ, वापर आणि गैरवापर

प्रस्तावना

शिक्षणक्षेत्रात अलीकडे ज्या शब्दांची वारंवारिता वाढली आहे, त्यांत ‘आत्मपरीक्षण’ हा शब्द अग्रभागी आहे. प्राचार्यांच्या वार्षिक अहवालात, चर्चासत्रांच्या बीजभाषणात, वृत्तपत्रांच्या अग्रलेखात आणि निवडणुकीच्या निकालानंतरच्या पत्रपरिषदेत तो हमखास भेटतो. शब्द फार वापरला गेला की नाण्याप्रमाणे त्यावरील छाप पुसट होत जाते. ऐकणारा मान डोलावतो, बोलणारा पुढच्या मुद्द्याकडे वळतो आणि परीक्षण मात्र कोणाचेच होत नाही. ‘आत्मपरीक्षण’ या शब्दाची घडण कशी आहे, त्याच्या जवळच्या शब्दांपासून तो कोठे वेगळा होतो, आपल्या परंपरेत व आपल्या परिसरात या कृतीची कोणती रूपे आढळतात आणि महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला एक साधे निमित्त घडले. पदवीच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना ‘आत्मपरीक्षण’ या विषयावर एक पान लिहिण्यास सांगितले होते. त्या लेखनाविषयी पुढे लिहिणारच आहे. येथे एवढेच नमूद करतो की, विद्यार्थ्यांची उत्तरे वाचताना या शब्दाचा अर्थ आपण स्वतःही नीट पाहिलेला नाही, याची जाणीव झाली.

शब्दाची घडण

‘आत्मपरीक्षण’ हा तत्सम सामासिक शब्द आहे. संस्कृतमधील ‘आत्मन्’ हा शब्द समासात पूर्वपदी आला की अंत्य ‘न्’ चा लोप होतो आणि ‘आत्म’ एवढेच रूप उरते. येथे ‘आत्मन्’ चा अर्थ तत्त्वज्ञानातील अविनाशी आत्मा असा घेण्याचे कारण नाही. संस्कृतात हा शब्द ‘स्वतः’ या अर्थाने सर्रास योजला जातो. आत्मचरित्र, आत्मविश्वास, आत्मनिर्भर या शब्दांत हाच अर्थ आहे. म्हणूनच ‘स्वतःचे आत्मपरीक्षण करावे’ ही नेहमी ऐकू येणारी रचना द्विरुक्तीची आहे. ‘आत्म’ मध्ये ‘स्वतः’ आलेलाच असतो.

उत्तरपद ‘परीक्षण’ हे ‘परि’ हा उपसर्ग आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू यांपासून सिद्ध झाले आहे. परि + ईक्षण यांत ऱ्हस्व ‘इ’ आणि दीर्घ ‘ई’ एकत्र येऊन दीर्घ ‘ई’ होते. यास्तव ‘परीक्षा’ आणि ‘परीक्षण’ यांतील ‘री’ दीर्घच लिहावयास हवी. ‘परिक्षा’, ‘आत्मपरिक्षण’ असे लेखन फलकांवर व परिपत्रकांतही आढळते. हा दोष केवळ वेलांटीचा नाही. ऱ्हस्व ‘रि’ लिहिली की ‘ईक्ष्’ हा धातूच दिसेनासा होतो आणि शब्दातील ‘पाहणे’ हरवते. ‘परि’ म्हणजे सभोवार, सर्व बाजूंनी. तेव्हा परीक्षण म्हणजे एखादी गोष्ट फिरून, सर्व बाजूंनी पाहणे. शब्दाच्या घडणीत गुण देण्याचा, उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरविण्याचा अर्थ कोठेही नाही. तो पुढे व्यवहारातून आला.

‘ईक्ष्’ धातूचे कुटुंब मोठे आहे आणि त्यातील बहुतेक सदस्य आपल्या महाविद्यालयाच्या आवारातच वावरतात. निरीक्षण, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, प्रेक्षक, कार्यालयातील अधीक्षक आणि परीक्षागृहातील पर्यवेक्षक हे सर्व शब्द पाहण्याच्या क्रियेतूनच जन्मले आहेत. एकाच धातूपासून ‘परीक्षा’ आणि ‘उपेक्षा’ हे दोन्ही शब्द निघावेत, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. अध्यापक विद्यार्थ्याकडे कसा पाहतो, यावर त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला यांपैकी कोणता शब्द येणार हे ठरते.

मराठीतील ‘पारखणे’ हे क्रियापद याच ‘परीक्ष्’ चे प्राकृतातून आलेले रूप होय. ‘कसोटी’ आणि ‘निकष’ हे शब्द मात्र ‘कष्’ म्हणजे घासणे या धातूकडे जातात. सोन्याचा कस ज्या काळ्या दगडावर घासून पाहतात, तो दगड म्हणजे कसोटी, आणि संस्कृतात तोच निकष. आज आपण मूल्यांकनाच्या संदर्भात ‘निकष क्रमांक एक’, ‘निकष क्रमांक दोन’ असे म्हणतो, तेव्हा मुळात तो सोनाराच्या हातातील दगड होता, याचा आपल्याला विसर पडलेला असतो. सोने त्या दगडावर घासले गेले तरच रेघ उमटते. सोन्याचे वर्णन दगडावर लिहून भागत नाही.

जवळचे शब्द आणि त्यांतील भेद

आत्मपरीक्षणाच्या आसपास अनेक शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

‘आत्मनिरीक्षण’ किंवा ‘अंतर्निरीक्षण’ म्हणजे मनात जे घडते ते घडत असताना पाहणे व नोंदविणे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा या पद्धतीला शास्त्रीय अभ्यासात महत्त्वाचे स्थान मिळाले. पुढे वर्तनवाद्यांनी तिच्यावर आक्षेप घेतले, कारण पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच असल्याने निष्कर्ष पडताळता येत नाहीत. निरीक्षणात चांगले-वाईट ठरविण्याचा हेतू नसतो. परीक्षणात तो असतो आणि म्हणून त्याला निकष लागतो.

‘आत्मचिंतन’ हे विचारांच्या पातळीवर राहू शकते, त्याला पुराव्याची सक्ती नसते. ‘आत्मनिंदा’ मध्ये निकाल आधीच लागलेला असतो, तपासणी झालेलीच नसते. ‘आत्मक्लेश’ म्हणजे शरीराला त्रास देऊन चुकीची जाहीर कबुली देणे. त्यातून पश्चात्ताप दिसू शकेल, परंतु चूक नेमकी कोठे झाली याचा शोध लागेलच असे नाही. ‘स्वयंमूल्यमापन’ हा प्रशासकीय शब्द असून त्यात अंक, श्रेणी वा गुण अभिप्रेत असतात. ‘सत्त्वपरीक्षा’ आणि ‘अग्निपरीक्षा’ या शब्दांत परीक्षा घेणारा कोणीतरी दुसरा असतो. श्रियाळ-चांगुणेची परीक्षा अतिथी घेतो, सीतेची परीक्षा लोकांसमोर होते. आपल्या कथापरंपरेतील बहुतेक परीक्षा अशा बाहेरून आलेल्या आहेत. स्वतःची परीक्षा स्वतः घेणे ही त्या मानाने अवघड आणि एकांतातील गोष्ट आहे.

परंपरेतील दोन दाखले

ही कृती आपल्याकडे नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागत बुद्ध आपला पुत्र राहुल यास विचारतात की, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे उत्तर राहुल देतो. तेव्हा बुद्ध त्याला काया, वाचा व मन यांनी करावयाचे प्रत्येक कर्म तशाच रीतीने पाहून करण्यास सांगतात. कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर असे तीन वेळा पाहावे. या कर्माने स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय, हा निकष लावावा. काया-वाचेने अकुशल कर्म घडल्याचे आढळल्यास ते गुरूपुढे किंवा सुज्ञ सहकाऱ्यांपुढे उघड करावे व पुढे संयम पाळावा. या पाहण्यासाठी पालीत जो शब्द येतो त्याचे संस्कृत रूप ‘प्रत्यवेक्षण’ असे आहे. येथेही धातू ‘ईक्ष्’ हाच आहे. वर्षावासाच्या शेवटी भिक्षूंनी ‘पवारणा’ करावी, म्हणजे माझ्याविषयी काही दोष पाहिला, ऐकला किंवा शंकिला असेल तर सांगा, अशी विनंती संघाला करावी, हा विनयातील नियमही याच वृत्तीचा आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्यामुळे हा वारसा आपल्या परिसराला दूरचा नाही.

दुसरा दाखला संतपरंपरेतील आहे. संतमेळ्यात गोरोबा कुंभारांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या मस्तकावर थोपटले आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे पाहिले, अशी कथा प्रसिद्ध आहे. नामदेवांचे मडके कच्चे ठरले. त्यांना प्रथम अपमान वाटला. परंतु पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचा शिष्यभाव पूर्णत्वास पोहोचला. या कथेत परीक्षा गोरोबांनी घेतली, आत्मपरीक्षण मात्र नामदेवांनी केले. बाहेरून बसलेला ठोका आतील तपासणीचे कारण होऊ शकतो. तो ठोका अपमान म्हणून बाजूला सारावयाचा की प्रश्न म्हणून जवळ ठेवावयाचा, एवढाच निर्णय आपल्या हाती असतो.

या दाखल्यांतून आत्मपरीक्षणाची तीन अंगे हाती येतात. पहिले निकष, म्हणजे कशावर घासून पाहावयाचे ते. दुसरे पुरावा, म्हणजे प्रत्यक्ष घडलेले कर्म. तिसरे साक्षी, म्हणजे आपल्या पाहण्यातील चूक दाखवू शकेल असा दुसरा माणूस. वर्तनवाद्यांनी अंतर्निरीक्षणावर घेतलेल्या आक्षेपाचे व्यावहारिक उत्तर या तिसऱ्या अंगात आहे.

वापरातील व्याकरण

आजच्या सार्वजनिक भाषेत हा शब्द कोणत्या पुरुषात व कोणत्या काळात येतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ‘त्यांनी आत्मपरीक्षण करावे’ हा प्रयोग सर्वाधिक आढळतो. क्रिया आत्मविषयक, परंतु कर्ता तृतीय पुरुषी आणि क्रियापद विध्यर्थी. दुसरा प्रयोग ‘आम्ही आत्मपरीक्षण करू’ हा होय. येथे कर्ता प्रथम पुरुषी आहे, परंतु काळ भविष्य आहे आणि वचन अनेक आहे. तिसरा प्रयोग ‘आत्मपरीक्षणाची गरज आहे’ असा असून त्यात कर्ताच नाही. ‘मी आत्मपरीक्षण केले आणि मला असे आढळले’ हे प्रथम पुरुष, एकवचन, भूतकाळातील वाक्य मात्र दुर्मिळ आहे. वास्तविक या शब्दाचा स्वाभाविक प्रयोग तोच असावयास हवा. दुसऱ्याला आत्मपरीक्षण करण्यास सांगणे म्हणजे बहुधा सभ्य शब्दांत दोषारोप करणेच होय.

परिसरातील दोन उदाहरणे

गडचिरोली जिल्ह्यात या दुर्मिळ वाक्याची उदाहरणे आहेत. १९८६ पासून येथे आरोग्याचे संशोधन व सेवा करणारे डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिले. इतरांच्या आरोग्याचे निदान करणाऱ्या वैद्याने आपलाच आहार, आपला ताण व आपली जीवनशैली निदानासाठी समोर ठेवली. हे पुस्तक प्रथम पुरुष एकवचनात आहे, हे त्याचे बळ आहे. निकष वैद्यकशास्त्राचा, पुरावा स्वतःच्या देहाचा आणि साक्षी वाचकांचा, अशी तिन्ही अंगे तेथे एकत्र आली आहेत.

दुसरे उदाहरण सामूहिक आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने ग्रामसभेचे निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची रीत रुजविली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाच्या सामूहिक वनहक्काला मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. या वाटचालीत श्री. देवाजी तोफा व श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांबरोबरच गावातील ‘अभ्यास गट’ या व्यवस्थेचा उल्लेख करावा लागतो. अभ्यास गटात प्रश्नाची चर्चा होते, माहिती गोळा केली जाते, बाहेरचे जाणकारही बसतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते. तपासणे आणि ठरविणे या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्यामुळे तपासणीवर निकालाचे दडपण येत नाही. जंगलाची मालकी मागताना जंगलाशी आपले वर्तन कसे आहे, हेही पाहावे लागते. ‘आत्म’ हा शब्द एका व्यक्तीपुरता मर्यादित नाही, एक गावही ‘आत्म’ असू शकते, ही गोष्ट येथे शिकावयास मिळते.

अध्यापक आणि स्वयंमूल्यमापनाचा नमुना

आता आपल्याच क्षेत्राकडे वळू. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची, म्हणजे नॅकची स्थापना १९९४ मध्ये झाली. तिच्या प्रक्रियेचा पाया संस्थेने स्वतःविषयी सादर करावयाचा स्वयं-अध्ययन अहवाल हा राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या कामगिरीचे गुणांक ठरविणारी स्वयंमूल्यमापन पद्धती आणली आणि २०१८ च्या विनियमांनी तिच्यात मोठे बदल केले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शालेय विद्यार्थ्याच्या प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचे स्वतःचे व सहाध्यायांचे मूल्यमापन असावे, असे सुचविले आहे. तात्पर्य, विद्यार्थ्यापासून संस्थेपर्यंत सर्वांनी स्वतःला तपासावे, अशी व्यवस्थेची अपेक्षा आहे.

ही अपेक्षा योग्यच आहे. नमुन्यांमुळे निकष मिळाले, नोंदी ठेवण्याची शिस्त लागली, आपण वर्षभर काय केले हे एका जागी पाहता येऊ लागले. परंतु मूल्यमापनाचा अहवाल वाचणारा दुसरा असतो आणि त्यावर श्रेणी किंवा पदोन्नती अवलंबून असते. साहजिकच लिहिणाऱ्याची लेखणी उणिवेपाशी अडखळते. आपल्या धानपट्ट्यात ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. मात्र तेथे शीत उचलणारा हात निःपक्षपाती असतो. स्वयंमूल्यमापनात शीत आपणच निवडतो आणि शिजलेलेच निवडतो. अशा शितावरून भांड्यातील भाताविषयी काहीच कळत नाही.

येथे वर्गातील त्या लेखनाकडे परत येतो. बहुतेक विद्यार्थ्यांनी ‘आत्मपरीक्षण’ म्हणजे स्वतःला अनुत्तीर्ण ठरविणे असा अर्थ घेतला होता. मी आळशी आहे, मी मोबाईल फार पाहतो, माझे इंग्रजी कच्चे आहे, अशी वाक्ये पानोपान होती. एका विद्यार्थिनीने लिहिले होते की, ती पहिल्या तासिकेला नेहमी उशिरा येते आणि रोवण्याच्या दिवसांत येतच नाही, हा तिचा मोठा दोष आहे. चौकशी केली तेव्हा समजले की, तिच्या गावाहून सकाळी येणारी बस पहिल्या तासिकेनंतरच पोहोचते आणि रोवण्याच्या मजुरीतूनच तिचे प्रवेश शुल्क भरले जाते. तिने आपल्या परिस्थितीला आपला दोष समजून त्याची कबुली दिली होती. हे आत्मपरीक्षण नव्हते, ही आत्मनिंदा होती.

परंतु तपासणीची गरज तिच्यापेक्षा अध्यापकाला अधिक होती. त्या वर्षीच्या स्वयंमूल्यमापनाच्या नमुन्यात प्रस्तुत लेखकाने नियोजित सर्व तासिका घेतल्याची नोंद केली होती आणि ती खरी होती. अध्यापन विद्यार्थिकेंद्री असल्याचेही लिहिले होते. याच लेखकाने हजेरीपटावर तिच्या नावापुढे दीड महिना अनुपस्थितीची खूण केली होती आणि एकदाही कारण विचारले नव्हते. मी तासिका घेतल्या, परंतु त्या मुलीची मी उपेक्षा केली, हे माझे भूतकाळी, एकवचनी वाक्य आहे. नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता, हे खरे. पण रकाना नव्हता म्हणून ते पाहता येत नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्यानंतर महत्त्वाचा भाग दुसऱ्या तासिकेपासून शिकविण्यास आणि रोवण्याच्या काळातील पाठांची टिपणे स्वतंत्रपणे देण्यास सुरुवात केली. हा बदल अगदी लहान आहे. तो मात्र त्या एका पानामुळे झाला, भरलेल्या नमुन्यामुळे झाला नाही.

काही व्यवहार्य सूचना

या विवेचनाच्या आधारे सहकारी अध्यापकांपुढे काही सूचना नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात.

१) प्रशासकीय नमुना आणि खासगी टिपण वेगळे असावे. मेंढ्याच्या अभ्यास गटाप्रमाणे तपासणे आणि ठरविणे यांत अंतर राहिले तरच उणीव लिहिण्याचे धैर्य येते.

२) कर्मापूर्वीचे परीक्षण विसरू नये. आपल्याकडे पऱ्हे टाकण्यापूर्वी धानाचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पाहण्याची शिफारस आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवितात, पोचट दाणे वर तरंगतात व ते काढून टाकले जातात. हे काम पेरणीआधीचे आहे, कापणीनंतर त्याचा उपयोग नाही. सत्राच्या शेवटी केलेल्या मूल्यमापनाइतकेच सत्राच्या आरंभी स्वतःला विचारलेले प्रश्न महत्त्वाचे आहेत.

३) एक साक्षी निवडावा. आपला तास ऐकून मोकळेपणाने बोलेल असा एखादा सहकारी किंवा नाव न लिहिता दिलेला विद्यार्थ्यांचा अभिप्राय हे काम करू शकतो.

४) विद्यार्थ्यांना हा विषय देताना दोष, परिस्थिती आणि जबाबदारी यांतील फरक आधी समजावून द्यावा.

समारोप

आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला सर्व बाजूंनी पाहणे. त्यात निकष असावा लागतो, पुरावा असावा लागतो आणि आपले पाहणे तपासणारा कोणी साक्षी असावा लागतो. यांपैकी निकष नसेल तर ते केवळ चिंतन होते, पुरावा नसेल तर निंदा किंवा स्तुती होते आणि साक्षी नसेल तर समजूत होते. हा शब्द दुसऱ्याला उद्देशून वापरणे सोपे आहे, स्वतःसाठी भूतकाळात वापरणे कठीण आहे. अध्यापक आयुष्यभर इतरांच्या परीक्षा घेतो आणि पर्यवेक्षक म्हणून इतरांवर नजर ठेवतो. तीच नजर वर्षातून काही वेळा आपल्या हजेरीपटावर, आपल्या टिपणांवर आणि मागच्या बाकावर बसलेल्या चेहऱ्यांकडे वळली, तर ‘परीक्षण’ या शब्दातील दीर्घ ‘री’ लिहिताना आपण काय लिहीत आहोत, याचे भान राहील.